गावाला महाविद्यालयाशी जोडणारी विद्यार्थ्यांची सेवा: ॲपच्या आधी काय उभं करायचं?

गोव्यातल्या एका महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षातल्या मुलामुलींचा प्रश्न थोडक्यात असा: "गावातल्या माणसाने अडचण नोंदवावी आणि आमच्यापैकी कुणी ती सोडवावी, असं व्यासपीठ आम्हांला उभं करायचं आहे. गावकऱ्यांनीही आम्हांला त्यांच्याकडचं काही शिकवावं. वर्गातले दोघे ॲप लिहायला तयार आहेत. सुरुवात कुठून करावी, आणि असे उपक्रम वर्षभरात बंद का पडतात?"

ॲप तूर्त बाजूला ठेवा. ॲपने एकच काम सोपं होतं: कुणाला काय हवं आणि कुणाला काय येतं, याची जुळणी. डिचोली, सत्तरी किंवा पेडण्याच्या एखाद्या पंचायतीत ती अडचण फारशी नसतेच. कोण काय करतं हे वाड्यावर सगळ्यांना ठाऊक असतं. अडचण असते ती "येतो" म्हणालेला मुलगा खरंच येईल का, ही. ज्यांना तुमची सर्वांत जास्त गरज आहे, त्या एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या फोनवर नवं ॲप बसवायला आधी तुमच्यापैकीच कुणाला तरी जावं लागेल. तेव्हा पहिले सहा महिने एक फोन नंबर, एक जाड वही आणि आठवड्यातून एकदा ठरलेल्या जागी ठरलेल्या वेळी बसणारी चार माणसं, एवढ्यावर काम चालतं. चांगलं चालतं.

बंद पडण्याचं कारण बहुतेक वेळा हिशेबात असतं. उत्साहात तीस-चाळीस नावं येतात, पोस्टर लागतं, आणि पहिल्याच महिन्यात झेपणार नाहीत इतकी कामं अंगावर येतात. तीस नावांपैकी कुठल्याही एका आठवड्यात खरे मोकळे बारा जण धरा. प्रत्येकी तीन तास म्हणजे छत्तीस तास हाती आले. घरी जाऊन करायच्या कामाला बसचा वेळ, घर शोधणं, काम आणि नोंद मिळून सहज तीन तास जातात. शिवाय घरी एकट्याने जायचं नसतं, जोडीनेच जायचं. म्हणजे एका घरभेटीला सहा तास, आठवड्याला जेमतेम सहा घरं. तेच चौघं जण पंचायतीच्या सभागृहात दोन तास बसले आणि दर माणशी वीस मिनिटं धरली, तर चोवीस कामं हातावेगळी होतात. म्हणून बैठक हा कणा. घरभेट फक्त अंथरुणाला खिळलेल्यांसाठी आणि अपंगांसाठी, आठवड्याला दोनच. पाटी लावतानाच "आठवड्याला चोवीस टोकन" असं लिहा. पंचविसाव्या माणसाला पुढच्या आठवड्याची तारीख लिहून दिलेली चिठ्ठी मिळाली की तो रागावत नाही. "बघू हं" ऐकून परत गेला तर पुन्हा येत नाही आणि वाड्यावर चार जणांना सांगतो.

गाव एकच घ्या. गोव्यात १९१ ग्रामपंचायती आहेत, तुम्हांला एक पुरे. निवडताना दोन गोष्टी बघा: महाविद्यालयाहून थेट कदंबा (सरकारी) किंवा खाजगी बस आहे का आणि परतीची शेवटची बस किती वाजता, आणि तुमच्यातले दोघे-तिघे त्याच गावचे आहेत का. दुसरी गोष्ट जास्त मोलाची. ओळखपत्र गळ्यात घातलेल्या अनोळखी मुलापेक्षा "हा अमक्याचा नातू" या ओळखीवर दारं लवकर उघडतात. तुमचं महाविद्यालय राष्ट्रीय सेवा योजनेत किंवा उन्नत भारत अभियानात असेल, तर आधीच काही गावं दत्तक घेतलेली असतात. त्यांतलंच एक घ्या, म्हणजे परवानग्यांचं अर्धं काम झालेलं असतं.

प्राचार्यांचं पत्र घेऊन आधी पंचायत सचिवांना भेटा, मग सरपंच आणि त्या वाड्याचे पंच. सभागृह कुठल्या वारी मोकळं असतं ते विचारा. स्वयंपूर्ण मित्र म्हणून नेमलेले सरकारी अधिकारी पंचायतीत कधी येतात तेही विचारून घ्या आणि शक्यतो तोच दिवस धरा. अर्ज तुम्ही भरून द्याल, पण अडकलेल्या अर्जाचं उत्तर अधिकाऱ्याकडेच असतं, आणि दोघं एका छताखाली असले की माणसाचा फेरा वाचतो. मग अंगणवाडी सेविका, स्वयंसहाय्य गटाच्या बाया, देवस्थान समिती, चर्च असेल तर तिथले फादर. ग्रामसभेत पाच मिनिटं मागून घ्या. तिथे योजना सांगू नका, तारीख आणि जागा सांगा.

आणखी एका माणसाला भेटायचं असतं, आणि तो हमखास राहून जातो: तिठ्यावरचा झेरॉक्सवाला. अर्ज भरून देणं, अपलोड करणं, फोटो काढणं यावर त्याचं पोट असतं. तुम्ही तेच फुकट करायला बसलात, तर महिन्याभरात "ही पोरं चुकीचे अर्ज भरतात" अशी कुजबुज सुरू होते, आणि त्यात त्याचा दोष नाही. वाटणी आधीच ठरवा. अर्ज समजावून सांगणं, कागद तपासणं, काय कमी आहे ते लिहून देणं हे तुमचं. छापणं, स्कॅन आणि अपलोड त्याचं, त्याच्या दराने. तुमची पाटी मग त्याच्याच दुकानावर लागते.

कोणती कामं घ्यायची? सुरुवातीला पाच-सहाच: फोनच्या सेटिंग, सरकारी अर्जांची तपासणी, पेन्शनसाठीचा हयातीचा दाखला, शाळकरी मुलांचा अभ्यास, विहिरीच्या पाण्याची प्राथमिक चाचणी, आणि इंग्रजीत आलेलं पत्र समजावून सांगणं. कोणती घ्यायची नाहीत हे त्याहून ठळक लिहा: पैशांचे व्यवहार, बँकेचं ॲप, औषधांचा सल्ला, वीजजोडणीची दुरुस्ती, जमिनीचे वाद. एक-चौदाच्या, म्हणजे जमिनीच्या नोंदीच्या, उताऱ्यावर नाव कसं शोधायचं ते दाखवाल, पण "हे भाट कुणाचं", म्हणजे जमीन कुणाची, या प्रश्नावर तोंड उघडायचं नाही. भाटकार-मुंडकाराचं, म्हणजे जमीनमालक आणि त्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचं, प्रकरण चालू असलेल्या घरात तुमचा एक शब्दही पुरावा म्हणून फिरतो. असा माणूस आला तर तालुक्याच्या विधी सेवा समितीचा पत्ता द्या. मोफत कायदेशीर मदत तिथे मिळते.

हयातीच्या दाखल्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण सोपं वाटणारं काम कुठे कुठे अडतं ते यातून कळेल. केंद्र सरकारच्या आणि भविष्य निर्वाह निधीच्या पेन्शनधारकांना जीवन प्रमाण हा डिजिटल दाखला फोनच्या कॅमेऱ्याने चेहरा दाखवून काढता येतो. फोनमध्ये दोन ॲप लागतात, आधार फेस आरडी आणि जीवन प्रमाण. आधी फोन चालवणाऱ्याने, म्हणजे ऑपरेटरने, स्वतःची आधार ओळख पटवायची, मग पेन्शनधारकाची. इथेच विद्यार्थी पटकन आपला आधार देऊन मोकळा होतो. तसं करू नका. घरातला मुलगा, सून, शेजारी यांच्यापैकी कुणाला तरी त्यांच्याच फोनवर ऑपरेटर करा; पुढच्या वर्षी तेच करू शकतील. कागद चार: आधार, पेन्शन मंजुरी आदेशाचा म्हणजे पीपीओचा क्रमांक, बँक पासबुक, आणि ओटीपी येणारा फोन. पीपीओ बहुतेकांना सापडत नाही, म्हणून आदल्या आठवड्यातच चिठ्ठीवर लिहून पाठवा. चेहरा "जुळत नाही" असं आलं तर दहापैकी आठ वेळा माणूस खिडकीकडे पाठ करून बसलेला असतो. उजेड तोंडावर हवा, चष्मा काढायचा, मागे भिंत. प्रमाण आयडीचा, म्हणजे दाखल्याच्या क्रमांकाचा, संदेश आला म्हणजे काम संपलं असंही नाही. पीपीओचा एक आकडा चुकला, बँक चुकीची निवडली, तर पेन्शन देणारी संस्था दाखला नाकारते आणि ते कळतं पेन्शन थांबल्यावर. म्हणून वहीत या कामापुढे "झालं" लिहायचं ते आठवड्याने स्थिती पुन्हा तपासून, दाखला स्वीकारल्याचं पाहूनच. दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेसारख्या राज्याच्या योजनांची पद्धत वेगळी आहे. ती समाजकल्याण खात्याकडून लेखी आणा आणि भिंतीवर लावा.

ओटीपीचा नियम एका ओळीचा आहे: तो मालकाने, मालकाच्या फोनवर, मालकाच्या बोटाने टाकायचा. दिसत नसेल तर आकडे मोठ्याने वाचून दाखवायचे नाहीत, अक्षरं मोठी करून द्यायची. पासवर्ड विचारायचा नाही, लिहूनही ठेवायचा नाही. फोनवर फसवणूक झाल्याचं कुणी सांगितलं तर त्याच खुर्चीवरून १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा क्रमांक लावून द्या. पहिल्या काही तासांत तक्रार गेली तर पैसे गोठवले जाण्याची शक्यता बरी असते. मग बँक, मग पोलीस.

पाण्याची चाचणी हे विज्ञान शाखेचं काम, आणि विद्यापीठाने गावाला द्यायचं खरं काही असेल तर ते हेच. नेदरलँड्समध्ये १९७०च्या दशकात विद्यार्थ्यांनी आणि प्राध्यापकांनी "विज्ञान दुकानं" सुरू केली, ती याच तत्त्वावर: प्रश्न लोकांचा, प्रयोगशाळा विद्यापीठाची. रासायनिक चाचणीला एक लिटरची प्लास्टिकची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून भरायची. पीएच, एकूण विरघळलेले क्षार, कठीणपणा आणि क्लोराइड एवढं पदवीच्या प्रयोगशाळेत होतं. भारतीय मानकाप्रमाणे पीएच ६.५ ते ८.५, क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत आणि क्लोराइड २५० पर्यंत चांगलं. जांभ्या दगडातल्या विहिरींचं पाणी किंचित आम्ल निघालं तर घाबरू नका, आपल्याकडे ते नेहमीचं आहे. खाजनाजवळच्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीजवळच्या, विहिरींचं क्लोराइड मात्र मे महिन्यात वेगळं मोजा, कारण पावसाळ्यातला आकडा तिथे दिशाभूल करतो. जिवाणूंसाठी एचटूएस बाटली वापरा: खुणेपर्यंत पाणी भरायचं, तोंडाला बोट लावायचं नाही, खोलीच्या तापमानाला ठेवायची. २४ ते ४८ तासांत काळी पडली तर पाण्यात विष्ठेची घाण मिसळल्याची शक्यता आहे. काळी पडली नाही म्हणून "पाणी सुरक्षित" असं कागदावर कधीही लिहू नका. "या चाचणीत दोष दिसला नाही" एवढंच लिहा.

दोष दिसला तर पाणी उकळून प्यायला सांगा आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा. विहिरीत पावडर टाकणं त्यांच्या कर्मचाऱ्याचं काम, पण विहिरीतलं पाणी मोजून देणं तुमचं. व्यास मीटरमध्ये, त्याचा वर्ग, गुणिले पाण्याची खोली, गुणिले ०.७८५, म्हणजे घनमीटर. दोन मीटर व्यास आणि तीन मीटर पाणी असलं तर ९.४ घनमीटर, म्हणजे सुमारे ९,४०० लिटर. चांगल्या प्रतीच्या ब्लीचिंग पावडरचं नेहमीचं प्रमाण हजार लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे या विहिरीला साधारण २४ ग्रॅम. अंदाजाने टाकलेल्या मूठभर पावडरीने लोक आठवडाभर वासाचं पाणी पितात आणि पुढच्या वेळी कुणाला विहिरीपाशी फिरकू देत नाहीत.

आता देवाणघेवाणीची दुसरी बाजू. ही कागदावर सगळे लिहितात आणि करत कुणीच नाही. गाव फक्त घेणारं राहिलं की दोन गोष्टी होतात: स्वाभिमानी माणसं यायची थांबतात, आणि मुलांना आपण उपकार करतो असं वाटू लागतं. तासाला तास हा हिशेब इथे उपयोगी आहे. ओसाकात तेरुको मिझुशिमा यांनी १९७३ साली गृहिणींची श्रमपेढी याच पायावर उभी केली, आणि पुढे अमेरिकेत एडगर कान यांनी अशाच कल्पनेला "टाइम बँक" हे रूप दिलं: कुणाचाही एक तास हा एक तासच, वकिलाचाही आणि स्वयंपाकिणीचाही. तुमच्या वहीत दर कामापुढे "गावाने काय दिलं" असा रकाना ठेवा. चवथीआधी (गणेशचतुर्थीआधी) माटोळीला, म्हणजे गणपतीच्या डोक्यावरच्या मांडवाला, बांधायच्या रानफळांची आणि पाल्यांची ओळख करून देणाऱ्या मावशी वनस्पतिशास्त्राच्या वर्गाला रानात नेऊ शकतात. कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, पोफळीवर मिरीचा वेल कसा चढवतात, खाजनाच्या बांधातल्या मानशीचं दार भरती-ओहोटीला कसं उघडतं-मिटतं, हे बघायला अख्खा वर्ग जाऊ शकतो. १९६१ आधी पोर्तुगीज शाळेत शिकलेली माणसं अजून काही घरांत आहेत. जुन्या कागदाचा विषय काय एवढं ती सांगू शकतात. कोर्टाच्या कामाला अधिकृत भाषांतरच लागतं, पण इतिहासाच्या मुलांना तो एक तास पुस्तकात मिळणार नाही. शिकवणाऱ्याला "पाहुणे" म्हणून नारळ-शाल देऊ नका; वेळापत्रकात त्यांचं नाव लिहा, वेळ पाळा आणि नोंदी काढा. पैसे कुठल्याच बाजूने नाहीत. चहा चालतो, पाकीट नाही.

वहीचे रकाने असे: क्रमांक, तारीख, वाडा, काम, फोन, कोणती जोडी, दिलेली तारीख, निकाल, फेरफोन, गावाने काय दिलं. निकालात तीनच शब्द: झालं, अडलं, नाही जमलं. "अडलं" लिहिलं की कशावरून अडलं ते पुढे एका ओळीत. काम संपलं की नाही हे करणारी जोडी ठरवत नाही. तीन दिवसांनी तिसराच विद्यार्थी फेरफोन करतो, "मावशी, काम झालं का?" एवढंच विचारतो आणि मग निकाल लिहिला जातो. हा एक फोन वगळला की वही खोटी व्हायला लागते, आणि वही खोटी झाली की भिजत पडलेली घोंगडी कुणालाच दिसत नाहीत. वहीत आधार क्रमांकाचा रकाना कधीही नको, कार्डाचा फोटो विद्यार्थ्याच्या फोनमध्ये नको. काम संपून तीन महिने झाले की फोन नंबर काळ्या शाईने खोडा. व्हॉट्सॲप गटात गावकऱ्यांना एकत्र घालू नका, सगळ्यांना सगळ्यांचे नंबर दिसतात; ब्रॉडकास्ट यादी करा. ध्वनिसंदेश जरूर स्वीकारा, लिहिता न येणाऱ्याला तो सोयीचा.

मुलांच्या अभ्यासाचे वर्ग घरात घ्यायचे नाहीत. शाळेची खोली, वाचनालय किंवा देवळाचा मंडप, दार उघडं, दोन विद्यार्थी, आणि गावातली एक मोठी बाई हजर. अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती फोनवर किंवा संगणकावर नोंदवायला पालकाची संमती लागते, हे २०२३चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा सांगतो; वहीसाठीही सही घ्या. मुलाच्या बोलण्यातून लैंगिक अत्याचाराची शंका आली तर पोक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. विद्यार्थ्याने स्वतः चौकशी करायची नाही, त्याच दिवशी प्रभारी शिक्षकांना सांगायचं आणि कळवलं गेलं याची खात्री करायची. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक पाटीवर असू द्या. घरभेटीची जोडी निघताना आणि परतताना समन्वयकाला संदेश टाकते, आणि दिवेलागणीनंतर भेट नाही.

वेळापत्रक गोव्याच्या वर्षावर बेता. चवथीच्या आधीचा आठवडा आणि नंतरचे सहा-सात दिवस बैठक ठेवूच नका. शिगमो (गोव्यातला शिमगा) आणि गावची जत्रा आधी विचारून घ्या. काजूच्या दिवसांत, मार्च ते मे, सकाळी माणूस मिळत नाही, संध्याकाळी चार ते सहा बरं. जून-जुलैत सत्तरीकडे वीज आणि नेटवर्क दोन्ही जातं, तेव्हा अर्ज कागदावर भरून घ्यायची तयारी हवी. सगळ्यांत मोठी अडचण नोव्हेंबरची: हयातीच्या दाखल्यांची गर्दी त्याच महिन्यात, आणि तुमच्या सत्र परीक्षाही त्याच सुमारास. ऐंशीच्या वरच्या पेन्शनधारकांना १ ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो. त्यांना ऑक्टोबरात उरका, आणि बाकीच्यांसाठी परीक्षेनंतरच्या दोन तारखा ऑक्टोबरातच जाहीर करा.

श्रेयांकांचा (क्रेडिटचा) मोह जपून वापरा. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, आराखड्यात सामाजिक सहभागाच्या एका क्रेडिटला सत्रात ३० तास धरले आहेत, आणि राष्ट्रीय सेवा योजनेत वर्षाला १२० तास. तेच तास दोन्हीकडे दाखवायचे नाहीत, हे पहिल्याच दिवशी लिहून घ्या. तास बैठकीत बसल्याचे मोजले तर मुलं नुसती बसतात. फेरफोन झालेल्या कामांचेच तास धरा.

महिन्याला साठच्या वर कामं सलग तीन महिने आली, वही हातात ठेवणं अवघड झालं, की गुगल शीटवर या. त्याच्याही पुढे गेलात तर तुमच्या त्या दोन मित्रांना ॲप लिहू द्या. पण ते विद्यार्थ्यांच्या बाजूचं असावं: कोण मोकळं, कोणती जोडी, कुणाचा फेरफोन राहिला. गावाकडून तोच फोन नंबर आणि तीच बैठक राहू द्या.

तो नंबर विद्यार्थ्याच्या नावावर असता कामा नये. सिम महाविद्यालयाच्या नावाने घ्या, नाहीतर तिसऱ्या वर्षाची मुलगी नोकरीला पुण्याला जाते आणि गावाचा नंबर तिच्याबरोबर जातो. समन्वयक दुसऱ्या वर्षाचा, त्याच्या जोडीला पहिल्या वर्षाचा. हस्तांतर फेब्रुवारीत करा, मेमध्ये नाही. नव्या माणसाने जुन्याच्या देखत निदान सहा बैठका चालवायला हव्यात, आणि सरपंच, सचिव, झेरॉक्सवाला यांच्याकडे दोघांनी मिळून जायला हवं. खात्यांचे पासवर्ड बंद पाकिटात प्राचार्यांच्या कार्यालयात ठेवा, दर सत्राला बदलून. पुढच्या वर्षासाठी पुरेशी मुलं मिळत नसतील तर मार्चमध्येच टोकन चोवीसवरून बारावर आणा आणि पाटीवरचा आकडा त्याच दिवशी बदला.